बिननवरदेवाचा डीजे

"नवरदेव कुठी हाय?" राजकुमारने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

"नवरदेव नाही," खुशबू म्हणाली.

"मंग नवरी?"

"नवरी बी नाही."

"मंग नाचनार कोन?"

"आमी!" आठही पोरी एकदम ओरडल्या आणि आपल्याच आवाजाला दचकून हसत सुटल्या.

राजकुमार वरठीचा डीजेवाला. त्याने आजवर वराती वाजवल्या होत्या, मिरवणुका वाजवल्या होत्या. पण करडी गावच्या बाजाराच्या मैदानावर, ऐन ऑगस्टात, रविवारी दुपारी, काहीच नसताना त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पैसे मात्र आगाऊ मिळाले होते. त्याने मुकाट्याने वायरी जोडायला घेतल्या.

ते पैसे रोवणीचे, म्हणजे धानाची रोपं लावायच्या कामाचे होते. नववी ते बारावीतल्या या पोरींनी गावातले मोठे शेतकरी भैय्याजी यांच्या धानाच्या बांध्या रोवायला गुत्त्यावर, एकरकमी ठेक्याने, घेतल्या होत्या. शाळेच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी, गुडघाभर चिखलात वाकून. निम्मी कमाई घरी गेली. उरलेलीचं काय करायचं, यावर बांधावर बसून भांडण झालं. रीनाला भंडाऱ्याला जाऊन पिक्चर पाहायचा होता. दुसरीला ड्रेस हवा होता. तेव्हा खुशबू म्हणाली, "आपुन डीजे आनू. आपला सोताचा." मग एकीने चिखलाचा हात तोंडावर दाबला, तरी हसू बाहेर आलंच. गावात वरात निघाली की डीजेपुढे पोरं नाचायची. पोरींनी मागे चालायचं, बायांच्या घोळक्यात. एखादीचे पाय हलले तरी काकू दंडाला चिमटा काढायची.

पहिलं गाणं लागलं. कोणीच हलेना. एवढी वाट पाहिली आणि आता आठही जणी ओढणीची टोकं चावत उभ्या. मग कोणीतरी रीनाला ढकललं. ती खुशबूवर आदळली. खुशबूने तिचे हात धरून तिला गरकन फिरवलं, आणि मग कुणाला कशाचं भान राहिलं नाही. चपला उडाल्या. वेण्या सुटल्या. कोण कोणाच्या पायावर नाचतेय तेही कळेना. हसून हसून एक जण खालीच बसली आणि बसल्या बसल्या नाचू लागली.

गावाची रोवणी सकाळीच आटपली होती, त्यामुळे अर्धं गाव गोळा झालं. त्यात तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष मधुकररावही आले. त्यांनी हात वर केला तसं राजकुमारने गाणं बंद केलं. रीनाचे डोळे मिटलेले होते. ती तशीच थोडा वेळ नाचत राहिली.

"कार्यक्रम कशाचा हाय?" मधुकररावांनी विचारलं.

"कशाचाच नाही, काका," खुशबू धापा टाकत म्हणाली.

"कशाचाच नाही मंजे? लगन नाही, जयंती नाही, गनपती नाही. मंग कायले गाव डोक्यावर घेऊन राहिल्या? कारन सांगा, नाही तं गाडी जाऊ द्या."

गर्दीतून खुशबूची आई, शकुनबाई, पुढे आली. तिने पोरीचं मनगट धरलं. "घरी चाल. पुढच्या साली रोवनीले जाशीन तं पाय तोडतो तुहे."

खुशबूचं तोंड एवढंसं झालं. आपल्या कमाईचा पहिला डीजे, आणि तोच शेवटचा. राजकुमार वायर गुंडाळू लागला.

तेवढ्यात बायांना बाजूला सारत रुखमा आली. सत्तरीची म्हातारी, कमरेत वाकलेली. नुसत्या पोरींना गुत्ता द्यायला भैय्याजी तयार नव्हते, तेव्हा हीच पोरींची पुढारी म्हणून उभी राहिली होती आणि त्यांच्या रांगेत तिनेही रोवणी केली होती.

"कार्यक्रम माहा हाय," ती म्हणाली. "आज माहा वाढदिवस हाय."

मधुकरराव गोंधळले. "रुखमाबाई, तुमच्या आधार कार्डावर तं एक जानेवारी हाय."

"माहा बी एक जानेवारी, ललिताबाईचा बी एक जानेवारी, तुह्या मायचा बी एक जानेवारी. आमी साऱ्या बुढ्या काय एकाच दिशी पडलो काय आभायातून?"

गर्दीत असं काही हसू फुटलं की मधुकररावांनाही ते मिशीआड लपवता आलं नाही. वाढदिवसाला कोण नाही म्हणणार? त्यांनी गाणं लावायला राजकुमारला हात केला. शकुनबाईने मनगट सोडलं.

रुखमा मधोमध उभी राहिली. तिला नाचाची एकच रीत येत होती. कमरेत वाकून, दोन्ही हात मातीकडे नेत, एकेक पाऊल मागे. रोवणीच ती. पोरी किंचाळल्या आणि तिच्या दोन्ही बाजूंना रांग धरून तशाच वाकल्या. रांग मागे मागे सरकू लागली. बायांनाही राहवेना. एकेक जण पदर खोचून रांगेला येऊन लागली. कोणीतरी शकुनबाईलाही ओढलं. धान लावणारं अख्खं गाव डीजेवर उलटं चालू लागलं. मधुकरराव घाईने वाटेतून बाजूला झाले.

खुशबू रुखमाच्या कानाशी वाकली. "आजी, खरंच वाढदिवस हाय का वं? का आमच्यासाठी खोटं बोलली?"

"खोटं कायले बोलू?" रुखमा हात न थांबवता म्हणाली. "माय सांगे, रोवनी आटपली त्याच दिशी झाली म्हने मी. पन तवा साऱ्या बाया अशा थकल्या होत्या पोरी, का कोनी नाचलंच नाही."