डोळ्यांची आखणी

उषाताईंनी श्वास धरला आणि सॅक्सन शिपायाच्या उजव्या डोळ्यात काळा ठिपका ठेवला. मग डाव्या. श्वास सोडला, शिपाई खाली ठेवला, दुसरा उचलला. जेवणाच्या टेबलावर असे चाळीस जण ओळीने उभे होते, एकेक बोटाच्या पेराएवढा. हजार वर्षांपूर्वी विलायतेत नॉर्मन आणि सॅक्सन लढले होते म्हणे. ती लढाई टेबलावर मांडून खेळणारी हौशी माणसं आजही आहेत, आणि त्यांतल्या एकाची दोन्ही सैन्यं रंगायला बुऱ्हाणपूरला आली होती. नॉर्मनांचे घोडेस्वार सव्वा महिन्यापूर्वीच तयार झाले होते. सॅक्सन मात्र डोळ्यांवाचून अडून बसले होते.

सव्वा महिन्यापूर्वी उषाताईंचे यजमान, दत्तात्रय, गेले. नेपानगरच्या मिलमधून रिटायर झालेला, साधा, हसतमुख माणूस. दुपारी उषाताई घोडेस्वारांचे डोळे काढत होत्या, मागे वेताच्या खुर्चीत दत्तात्रयांचा डोळा लागला, तो कायमचाच. उषाताईंनीच हे सगळ्यांना सांगितलं. ऐकणाऱ्यांनी हात जोडले. पुण्यवान माणूस, ना हाय ना हूय. उषाताईंच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. तिरडी उचलली तेव्हा नाही, तेराव्यालाही नाही. शेजारच्या रंभाबाईंनी गळ्यात पडून हमसून हमसून रडून दाखवलं, तर उषाताईंनी त्यांनाच पाणी दिलं. आत काही हलतच नव्हतं. पोळी लाटायच्या, ती करपली की दुसरी लाटायच्या. मुलगा मयूर सुट्टी संपवून इंदूरला परतला. सून दीपाली मागे राहिली. मम्मी एकदा मोकळ्या रडल्या की मगच जाईन, म्हणाली.

डोळ्यांचं काम उषाताईंच्या माहेरचं. वडिलांच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी त्यांच्याकडे असायची, आणि आखणी चालू असताना तिथे कुणी ब्र काढत नसे. तोच कायदा त्यांनी सासरी आणला. डोळे चालू असले की घरात बोलायचं नाही. बोललं की श्वास सुटतो, श्वास सुटला की हात हलतो, आणि बिचारा शिपाई जन्माचा चकणा होतो. दत्तात्रय हा कायदा मनापासून पाळत. कुकरची शिट्टी व्हायच्या आत धावत जाऊन गॅस बंद करत. दारात भाजीवाला ओरडला तर तोंडावर बोट ठेवून त्याला पुढच्या गल्लीत पिटाळत. टपरीवर मित्र टवाळी करत, “दत्तूभाऊ, घरवालीच्या शब्दाबाहेर नाही ना तुम्ही!” दत्तात्रय खुशाल मान डोलवत आणि आणखी एक चहा सांगत.

त्या दिवसानंतर डोळ्यांना आज पहिल्यांदा हात लागला होता. मयूर फोनवर म्हणाला होता, गिऱ्हाईक थांबेल, काही घाई नाही. “कशाला थांबवायचं कुणाला?” एवढंच उषाताई बोलल्या आणि रंगांची पेटी उघडून बसल्या. हात स्थिर होता, पूर्वीपेक्षाही स्थिर. समोर दीपाली वाळलेले शिपाई फोममध्ये बसवत होती, कायद्याप्रमाणे गप्प. पलीकडच्या गल्लीत लूमची खटखट चालू होती, पण बुऱ्हाणपुरात तिला कुणी आवाज म्हणत नाही.

चाळीस संपले. उरले सहा. हे उभे नव्हते. लढाईत जिथे माणूस पडतो तिथे ठेवायला गिऱ्हाइकाने सहा पडलेले मागवले होते. उताणे, छातीत बाण, गोल ढाल बाजूला गळालेली. उषाताईंनी पहिला उचलला, श्वास धरला. उजवा. डावा. मग दुसरा, तिसरा. सहाही झाल्यावर त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. आता बोलायला हरकत नाही, याची ती खूण होती.

दीपालीने एक पडलेला शिपाई तळहातावर घेतला. “मम्मी,” ती जपून म्हणाली, “हे तर खतम झालेले आहेत ना? यांचे डोळे खुले कसे?”

उषाताईंनी भिंग ओढून पाहिलं. सहाही जण टक्क उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होते.

“चुकलं,” त्या म्हणाल्या. अंगाच्या रंगाचा थेंब त्यांनी ब्रशवर घेतला आणि पहिल्याचा डोळा मिटायला गेल्या. थेंब कपाळावर पडला. पुन्हा धरला, तो नाकावर गेला. हा हात दीपालीने कधी चुकताना पाहिला नव्हता. ती उठून जवळ आली.

“राहू द्या मम्मी. पप्पांची याद आली का? अहो, पप्पा तर झोपेत गेले. त्यांना काही तकलीफ नाही झाली.”

“झोपेत नाही गेले, बेटा.”

दीपालीने हातातला शिपाई टेबलावर ठेवला.

“डोळे उघडेच होते त्यांचे. माझ्याकडेच बघत होते. पापण्या मी मिटल्या, मग तुम्हाला फोन केला.”

उषाताईंनी ब्रश खाली ठेवला. मागे वळून न पाहता त्यांनी डाव्या हाताचा पंजा वेताच्या खुर्चीच्या दिशेने उचलला, थांबा म्हणतात तसा. हा पंजा दीपालीने या घरात शंभरदा पाहिला होता.

“एकदा हाक मारली त्यांनी, उषा म्हणून. मी असा हात केला. अकरा स्वार बाकी होते.” सव्वा महिन्यात पहिल्यांदा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “मग नाही मारली. माझ्या शब्दाबाहेर कुठं जायचे ते!”