छान झाली होती

सक्करदऱ्याच्या सोसायटीत त्या बुधवारी पालेभाज्यांची स्पर्धा होती. रोजच्या ताटात सहज वाढता येईल असं साधं, पौष्टिक काहीतरी करून आणायचं होतं. कोणी काय केलंय ते न सांगता वाट्या मांडल्या होत्या, आणि परीक्षक होत्या नीलाताई.

एका वाटीपाशी त्या रेंगाळल्या. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली अंबाडी, वर लसणाची फोडणी. वाटी चाटूनपुसून त्यांनी माईक हातात घेतला. "अशी अंबाडी मी जन्मात खाल्ली नाही. पहिला नंबर हिचाच. कोणाची आहे?"

दारावर पंचशील ध्वज असलेल्या, नीलाताईंच्या समोरच्याच फ्लॅटमधली पायल मेश्राम लाजत उभी राहिली.

"ताई, हे तं तीच भाजी हाय. दर बुधवारी डबा देतो ना मी तुमच्याकडे? तुम्ही म्हणता, छान झाली होती. आजचा डबा तेवढा इथं आणला."

टाळ्या पडल्या. नीलाताईंची मान काही वर होईना.

गेटबाहेर, दर बुधवारसारखीच, गाय येऊन नीलाताईंची वाट पाहत उभी होती.