मागच्या चाकाची हवा

बाबा गेल्यापासून आई रोज दुपारी त्यांच्या, पुढे दोन आणि मागे एक चाक असलेल्या तीनचाकी मोटरसायकलच्या मागच्या सीटवर जाऊन बसायची. तिचं मन दुसरीकडे लागावं म्हणून मी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक यायची वेळ झाली, आणि मागच्या चाकाची हवा गाडीच्या पडद्यावर पुन्हा सव्वीस.

“ताई, काल माझ्या हातांनी अठ्ठावीस भरली,” मिस्त्री म्हणाला. “हा सेन्सरच खुळावलाय.”

त्याने नवा सेन्सर बसवला. सव्वीस. साध्या मापकानेही सव्वीसच. टायर पाण्यात बुडवला, तर एक बुडबुडा नाही.

“तुझे बाबा दोन कमीच ठेवायचे,” आई दारातून म्हणाली. “मागे मी बसायचे ना! माझ्या कमरेला हादरे नकोत. तुझी आत्या चिडवायची, ‘दादा, वहिनीला पाळण्यातून फिरवतोस का रे?’”

किती दिवसांनी हसली ती.

मिस्त्रीने चाकच उतरवलं, आतला सेन्सर सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. “उघड्यावर कसली हवा दाखवतोय! आता शून्य येतं की नाही बघा.”

आकडा आला. सव्वीस.

मिस्त्रीने तो उचलून उलटसुलट पाहिला. तेवढ्यात पडद्यावर वेगाचा आकडा हलला. एक. दोन. पाच. गाडी जॅकवर उभी होती, मागचं चाक भिंतीला टेकलेलं होतं.

आई अनवाणीच धावत आली.

“अहो, थांबा! मी बसायचीय ना अजून!”

आकडा हळूहळू शून्यावर आला, आणि वाट बघत राहिला.