मुरलीधररावांचं दुखणं

"उठा म्हणते ना! का उचलून नेऊ?" लतिकाबाईंनी इस्त्रीचा कुर्ता नवऱ्याच्या अंगावर फेकला.

मुरलीधरराव पलंगावरून हलले नाहीत. "तू जा. मला नाही जमून राहिलं लोकांत बसणं."

"मी एकटी काहून जाऊ? मला काय हौस आहे? डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय माणसांत जायला!"

संताप अगदी खरा होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या स्वतःही कुठे जात नव्हत्या, पण तो प्रश्न वेगळा. घरात कामं का कमी असतात? मागची थंडी अंथरुणात गेली खरी, पण जबलपूरची थंडीच तशी. डॉक्टरांकडे त्या नवऱ्याच्या सोबतीला गेल्या होत्या. डॉक्टरांनी निम्मे प्रश्न त्यांनाच विचारले. नवरा तोंड उघडत नसेल तर बिचारी डॉक्टर दुसऱ्या कोणाला विचारणार? आणि आता दर शनिवारी या घुम्या माणसाला गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरातून मराठी मंडळात ओढत न्यायचं.

त्या शनिवारी मंडळात ज्येष्ठांचा सत्कार होता. प्रथमेश नावाच्या तरुण सेक्रेटरीने दोघांना शाल-श्रीफळ दिलं आणि मागच्या रांगेत नेऊन बसवलं. "काकूजी, आप आराम से बैठिए. काम आम्ही करतो ना."

तेवढ्यात मागून मसालेभात करपल्याचा वास आला. लतिकाबाई ताडकन उठल्या.

"शाल पांघरून गप्प बसवता काय रे? आम्ही काय भिंतीवरचे फोटो आहोत, हार घातला की झालं? आधी तो गॅस बंद कर!"

प्रथमेश धावला. लतिकाबाईंनी पदर खोचला आणि भात नव्याने टाकला.

तेव्हापासून मंडळाचं स्वयंपाकघर त्यांच्याच हाती आलं. मिठावरून मंडळातल्या अवंतीशी कडाक्याचं भांडण झालं, मग मैत्री झाली. मराठी वाचता न येणाऱ्या पोरींना त्या ओरडून ओरडून आरत्या शिकवू लागल्या. मुरलीधरराव मात्र दर शनिवारी पलंगाला चिकटलेले. ओढल्याशिवाय निघायचे नाहीत.

"तुमच्यापायी मला हे सारं करावं लागून राहिलं!" त्या रिक्षात बसल्यापासून सुरू व्हायच्या, त्या मंडळाच्या फाटकापर्यंत.

चार महिन्यांनी दोघं पुन्हा डॉक्टर दीप्तींसमोर बसले.

"यांच्यात काडीचा फरक नाही," लतिकाबाई कडाडल्या. "मीच मेली राबून राहिली!" इतक्यात त्यांचा फोन वाजला. त्या बाहेर गेल्या आणि अवंतीला दटावू लागल्या. आवाज आतपर्यंत येत होता.

मुरलीधररावांनी दार लोटलं. खुर्ची पुढे ओढली. कित्येक महिन्यांत कोणी पाहिलं नव्हतं तसे ते मोकळे हसले.

"डॉक्टर, आता मी बरा झालो तर चालेल का? ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून नाही ना पडणार?"