सोमवारचा पाहुणचार

“सदानंद सर! गुड मॉर्निंग!”

मोंबासाच्या विमानतळाबाहेर आपल्याला नावाने कोण हाक मारतंय? सदानंद दचकलाच. सहल आटोपून अबूधाबीला घरी परतायचं विमान आता संध्याकाळी सातला सुटणार, हे नुकतंच कळलं होतं. समोर फुलाफुलांच्या शर्टातला एक उंच आफ्रिकी तरुण, तोंडभर हसत उभा. नाव सांगितलं बकारी. “विमान लेट है सर. चलिए, मेरा शहर दिखाता हूँ.” हिंदी, तीही चांगली सफाईदार.

“बॅगेवरचा टॅग वाचला असणार,” सदानंद बायकोच्या कानाशी पुटपुटला.

“मी याला कुठेतरी पाहिलंय हो,” सुहासिनी म्हणाली.

“छे! यांचे चेहरे सगळे सारखेच असतात.”

तरी गेले. दहा तास तिथे बसून करणार काय? सदानंदने पासपोर्ट आतल्या खिशात कोंबले आणि दिवसभर तो खिशावर हात ठेवूनच हिंडला. बकारीने समुद्राकाठचा किल्ला दाखवला. जुन्या गल्ल्यांमधले नक्षीचे दरवाजे दाखवले, शहाळी पाजली. पाकीट काढलं की “नो नो, सर.” बस्स, सदानंदचा संशय पक्का झाला. फुकट कोण कशाला हिंडवेल? शेवटी चांगलाच कापणार लेकाचा! बकारीचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. आखातात कुणालाही मारतात तीच हाक, ‘हबीबी, इकडे’, ‘हबीबी, तिकडे’, एवढंच.

दुपारी बकारी दोघांना आपल्या घरी घेऊन गेला. त्याच्या आईने नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे आणि गरमगरम चपात्या वाढल्या. वर तळलेले मासे वाढायला ती पुढे झाली, तर बकारीने तिचा हात धरला. “आज मंडे है. सर नहीं खाएँगे.”

सदानंदने हातातला घास परत ताटात ठेवला. आपला सोमवार याला कसा ठाऊक?

संध्याकाळी विमानतळावर बकारी एकदाचा टळेल, असं त्याला वाटलं होतं. कसलं काय! खांद्याला बॅग अडकवून तो त्यांच्याच मागे रांगेत उभा राहिला. सदानंदचं डोकंच फिरलं.

“खलास, हबीबी! बहुत हो गया! मेरा नाम, मेरा सोमवार, किसने बताया तुमको? चाहिए क्या तुमको?”

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बकारी आधी हसला. साहेब थट्टाच करताहेत, असं त्याला वाटलं. मग त्याने सदानंदकडे नीट पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

“सॉरी, सर.” टाचा जुळवून त्याने उजवा हात कपाळाला लावला.

तो सलाम बघितला, आणि मगच सदानंदला चेहरा ओळखू आला. अबूधाबीत, खलिफा सिटीतल्या त्यांच्या बिल्डिंगच्या गेटवर पाच वर्षं, रोज सकाळी साडेसातला हाच हात वर जायचा. दर सोमवारी ऑफिसात मिळणारं बिर्याणीचं पार्सल सदानंद ह्याच हातात द्यायचा, गाडीच्या काचेतून, फोनवर बोलता बोलता. वर न बघता.

सुहासिनीने मान खाली घातली. सदानंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिशावरचा हात आपोआप खाली आला.

“मैं पीछा नहीं कर रहा, सर,” बकारी हळूच म्हणाला. “छुट्टी खत्म हो गई. कल सुबह आपका गेट मुझे ही खोलना है.”