मोठ्या गुरुजींचं लिव्हर

“पोरी, आमच्या ह्यांचं लिव्हर कसं होतं गं?”

बुआलाय आजींनी दहनगृहाच्या पायरीवर उभं राहून, चारचौघांत रिनला हे विचारलं.

सकाळपासून मेडिकलच्या पोरापोरींनी आपापल्या मोठ्या गुरुजींच्या शवपेट्या खांद्यावरून विहारात आणल्या होत्या. शिकणाऱ्यांसाठी देह दिला की त्या माणसाला इथे मोठे गुरुजी म्हणतात, मग हयातीत तो कुणी का असेना. रिनचे गुरुजी, बुनलेर्त, खोन केन शहरात शाळेची बस चालवायचे. वर्षभर रोज ती त्यांना हात जोडून म्हणायची, ‘गुरुजी, लागलं तर माफ करा,’ आणि मगच सुरी उचलायची. शेवटी तिनेच टाके घालून, पांढऱ्या कापडात गुंडाळून त्यांना पेटीत ठेवलं होतं. तेव्हा ती ढसाढसा रडली होती, अगदी घरचं माणूस गेल्यासारखी.

आता भिक्खूंचं पठण आटोपलं होतं. लोक अखेरच्या निरोपाचं एकेक चंदनी फूल पेटीपाशी ठेवून खाली उतरत होते. राहिलं होतं ते आजींचं. पण आजी कसल्या ठेवतात! फूल मुठीत घट्ट धरून त्या अडून बसल्या होत्या.

“तेवढं सांग. त्याशिवाय मी हे ठेवायची नाही,” त्या म्हणाल्या. “आधी दर वर्षावासात दारू सोडायचे आणि पावसाळा सरला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग नात झाली. तेव्हा महास्थविरांपुढे उदबत्ती धरून शपथ घेतली, आता जन्मात थेंबाला शिवणार नाही म्हणून. ती पाळली का, एवढंच मला कळू दे. त्यांना विचारलं की गोड बोलून गुंडाळायचे मला. तू तर आत बघितलंयस.”

बघितलं होतं ना! उजव्या बरगड्यांखाली कसं मऊ, गुळगुळीत, भरदार लिव्हर असायला हवं. गुरुजींचं आक्रसलेलं होतं, टणक, वर फणसाच्या सालीसारखे खडबडीत उंचवटे. आतड्यांतून निघालेलं रक्त लिव्हरमधून गाळून पुढे जातं. इथे ती वाटच तुंबली होती. मग रक्त बिचारं जाणार कुठे? ते मागे दाटलं, प्लीहा फुगली, अन्ननलिकेच्या तळाशी शिरा टम्म झाल्या. पुस्तकातला अख्खा धडा गुरुजींच्या पोटात मांडून ठेवलेला होता. साऱ्या वर्गाने तिच्या टेबलापाशी रांग लावली होती. ‘नीट बघून घ्या, हा माणूस शेवटपर्यंत पीत होता,’ असं सर म्हणाले होते. रक्ताची वाट रिनला त्या दिवशी जी समजली ती कायमची. परीक्षेत ती पहिली आली, तीही त्या लिव्हरच्याच जिवावर.

“नियम सांग की,” शेजारी उभा असलेला तिच्या वर्गातला तोंग कुजबुजला. “गुरुजींच्या आतलं बाहेर बोलायचं नसतं. सुटशील.”

नियम खरा होता. पण गप्प राहणं म्हणजेही सांगणंच. म्हातारी काय ते समजून घरी जाणार आणि उरलेलं आयुष्य फसवलं गेल्याचं दुःख उराशी धरून बसणार. आणि खरं सांगावं, तर तेच दुःख आपल्या हाताने तिच्या ओटीत टाकायचं. डॉक्टरने पेशंटच्या माणसांशी खोटं बोलू नये, हेही त्यांना याच वर्षी शिकवलं होतं. रिनला गुरुजींचे हात आठवले. स्टिअरिंग धरून धरून तळव्यांना पडलेले घट्टे आठवले. त्या माणसाने तिच्यापासून काही म्हणता काही लपवलं नव्हतं. आणि आता त्याच्याच बायकोपुढे चुगली करायची?

“आजी, छान होतं अगदी,” ती म्हणाली. “मऊ, गुळगुळीत. लहान पोराचं असावं तसं. गुरुजींनी शपथ पाळली.”

तोंगने खाली मान घातली.

आजी तिच्याकडे बघतच राहिल्या. बघता बघता त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच डोळ्यांनी त्या हसायला लागल्या.

“लबाड कुठली! अगं, तांदळाच्या पिंपामागची बाटली मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. रोज तिच्यात पाणी कोण घालत होतं? मीच! आणि चोरून प्यायचे ना, त्यामुळे बिचाऱ्यांना तक्रारही करता येईना.”

रिनचे कान लालबुंद झाले. “मग आजी... मला विचारलंत तरी कशाला?”

आजी हळूहळू पायऱ्या चढल्या. फूल पेटीपाशी ठेवलं, पेटीवर दोनदा थोपटलं, आणि मागे वळल्या.

“घरात त्यांचं झाकून घ्यायला मी होते, पोरी. पण वर्षभर ते परक्यांत पडून होते. तिथे त्यांचं कुणी होतं का, तेवढंच बघायचं होतं मला.”