घोडे धरायची पाळी

“आधी पत्र वाच, मग पाय बघ,” कॉल म्हणाला.

देवयानी त्याच्या पायाची पट्टी बदलायला आली होती. आठवड्यातून दोनदा ही नर्स ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहरातून चाळीस मिनिटं गाडी चालवत त्याच्या शेतावर येई. तो तिला डेव्ह म्हणे. त्याचं वय त्र्याण्णव, नजर जवळजवळ गेलेली. उद्या त्याचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी फारसा भरवसा दिला नव्हता.

समोर मार्गारेट बसली होती. पलीकडच्या शेतावरची, ऐंशीची. दर एप्रिलमध्ये, सैनिकांच्या स्मरणदिनी, ती बिस्किटांचा डबा घेऊन येई आणि एकच वाक्य बोले : तुझ्या बाबांनी आमच्या आजोबांचा घोडा तरी लढाईतून परत आणला. आज एप्रिल नव्हता. कॉलने तिला बोलावून घेतलं होतं.

“हे तुझ्या आजीला लिहिलेलं आहे,” तो म्हणाला. “बाबांनी कधी पोस्टात टाकलं नाही. ते गेल्यावर मला सापडलं, मीही टाकलं नाही. उद्या ते माझ्याबरोबर जायला नको.”

“मग तोंडानेच सांग ना.”

“ते जमलं असतं तर डेव्हला कशाला कामाला लावलं असतं?”

“एक सांगा,” देवयानी म्हणाली, “घोडे धरणं म्हणजे काय? वर तेच लिहिलंय.”

“पहिल्या महायुद्धात बाबांच्या घोडदळात चौघांची टोळी असायची. लढायच्या जागी उतरायचं. तिघांनी रायफल घेऊन पुढे जायचं, एकाने मागे आडोशाला चारही घोडे धरून थांबायचं. पाळी लावलेली असायची.”

देवयानीने वाचलं.

“मिसेस डॉब्सन, त्या दिवशी घोडे धरायची पाळी तुमच्या आल्फची होती. मला पुढे जायची भीती वाटली. मी तंबाखूचे दोन डबे देऊन त्याची पाळी घेतली. तिघे पुढे गेले. संध्याकाळी मी चार घोडे घेऊन एकटा परतलो. फ्रँक.”

छपरावर एक मॅगपाय पक्षी चालत होता. त्याच्या नखांचा आवाज येत राहिला.

“मरेपर्यंत बाबा रोज पाण्याच्या चार बादल्या भरायचे,” कॉल म्हणाला. “आमच्याकडे घोडा एकच होता. दुष्काळातसुद्धा चार. आई ओरडायची.”

मार्गारेटने पत्र हातात घेतलं, चष्मा वर करून पाहिलं.

“आजोबा तंबाखूला शिवत नव्हते,” ती म्हणाली.

“लढाईत माणूस सगळं शिकतो.”

“नाही. त्यांची पत्रं आहेत माझ्याकडे, शेवटच्या आठवड्यापर्यंतची. सगळ्यांत तेच. माझ्या वाट्याची तंबाखू मी फ्रँकला देतो, त्याला रात्री झोप लागत नाही.”

कॉलने तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

“मग बाबांनी काय दिलं त्याला?”

“काही नाही. पाळी नुसती मागितली असेल, आणि आजोबांनी दिली.”

देवयानीने खाली बसून पट्टीची गाठ सोडली. जखमेला हात लागला तरी कॉल हलला नाही.

“तंबाखूच बरी होती,” तो शेवटी म्हणाला. “निदान सौदा तरी झाला असता.”